साचा नंबर एक

रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी कामाच्या खोलीत जमायचं ठरलं होतं. आत्या साडेनवालाच येऊन बसली, कारण घरात आणखी थांबली असती तर तिच्या हातून कपबश्या फुटल्या असत्या.

कामाची खोली म्हणजे दुकानाच्या मागची लांबट खोली. एका भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लाकडी साचे. एकेक साचा म्हणजे कुणाच्या तरी पायाची हुबेहूब नक्कल. कुणाची टाच वर उचललेली, कुणाचा घोटा आत वळलेला, कुणाची बोटं एकात एक अडकलेली. असल्या पायांना बाजारात बूट मिळत नाहीत, ते इथं मिळत. प्रत्येक साच्याच्या टाचेवर तापल्या सळईनं उमटवलेला आकडा असे. नाव नसे. कुठला आकडा कुणाचा, ते फक्त मापांच्या वहीत. ती वही आत्याच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला. नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुकान काढलं तेव्हापासूनचा हा नेम.

दुसराही नेम होता. माप घेणाऱ्यानं आधी कोमट पाण्यानं हात धुवायचे, मग बुटक्या स्टुलावर बसायचं आणि विचारायचं, "हात लावू का?" गिऱ्हाईक गप्प राहिलं तर आपणही गप्प बसायचं. ते हो म्हणेपर्यंत पायाला बोट लावायचं नाही. माणसं आयुष्यभर जो पाय पांघरुणाखाली ठेवतात तो आपल्या मांडीवर ठेवणार असतात, एवढं भान पाहिजे, असं नाना म्हणत. गेली सेहेचाळीस वर्षं माप आत्याच घेत होती. तिनं हा प्रश्न किती हजार वेळा विचारला असेल ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

आज सगळ्यात वरच्या फळीवरची पहिली जागा रिकामी होती. तिथला साचा पुढं दुकानात काचेच्या पेटीत, मखमलीच्या तुकड्यावर नटून बसला होता. वर पिवळा दिवा. शेजारी पाटी: 'साचा नंबर एक. अनाम सैनिकाच्या स्मृतीस.'

सैनिक! काल दुपारी तिला हा सैनिक पहिल्यांदा भेटला. माप द्यायला आलेली एक बाई डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या त्या सैनिकाची गोष्ट ऐकली आणि ठरवलं, बूट करायचा तर इथंच." आत्यानं विचारलं, "कुठला सैनिक?" तेव्हा त्या बाईनं आपला फोन पुढं केला. फोनमध्ये पोपट होता. पोपट म्हणजे तिचा भाचा, तीस वर्षांचा घोडा, पण बोलायला लागल्यापासून जो बोलतोय तो थांबलेला नाही म्हणून पोपट. दुकानाचे व्हिडिओ तोच करायचा. व्हिडिओत त्यानं दोन्ही हातांवर तो साचा धरला होता आणि मागं बासरी वाजत होती. लढाईत पाय चिरडलेला एक सैनिक कसा कफल्लक होऊन आजोबांच्या दारात आला, आजोबांनी त्याच्याकडून काही न घेता कसा त्याचा बूट केला, तो कसा पुन्हा चालू लागला, सगळं सांगून झाल्यावर पोपट घोगऱ्या आवाजात म्हणत होता, "आज तो आपल्यात नाही. पण त्याचं पाऊल आमच्या घरात आहे."

सात लाख लोकांनी ते पाहिलं होतं.

आणि तो पाय तिचा होता. डावा, जन्मतः दोन बोटांच्या रुंदीइतका आखूड, आत वळलेला, तीन बोटं जुळलेली. ती पाच वर्षांची असताना नानांनी कोपऱ्यात बसून तिच्यासाठी बूट केला, तो दुकानाचा पहिला खास बूट. पाय वाढला तसा साचा बदलला, आकडा तोच राहिला. वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव होतं आणि ते जिवंत माणसांत फक्त दोघांना माहीत होतं. एक ती. दुसरा तिचा धाकटा भाऊ. घरातल्या बाकीच्यांना एवढंच ठाऊक होतं की आत्याचा पाय जरा नाजूक आहे, म्हणून ती घरातसुद्धा बूट काढत नाही. बुटातला तळ नानांनी असा बसवला होता की ती लंगडायचीही नाही.

काल त्या बाईसमोर तिला वाटलं, फरशी फाटावी आणि आपण आत जावं. संध्याकाळपर्यंत मात्र शरमेची जागा संतापानं घेतली. व्हिडिओ खाली उतरलाच पाहिजे, आज म्हणजे आजच. ती एवढंच ठरवून आली होती.

दहाला सगळे आले. भाऊ नेहमीच्या खुर्चीत बसला. वहिनीनं चहाची किटली आणली. सूनबाई, पोपटची बायको, फोन चार्जिंगला लावून जमिनीवरच बसली. पोपट बसला नाही. त्याला बसून बोलता येत नसे.

"तर उद्याचा कार्यक्रम," पोपट सुरू झाला. "डॉक्टरीणबाई अकराला येणार. त्यांच्या इस्पितळात महिन्याला निदान चाळीस मुलांना असे बूट लागतात. हे सगळं काम आपल्याला! बाई आधी नंबर एक बघणार, मग मी गोष्ट सांगणार, मग त्या जाहीर करणार. हे सगळं थेट दाखवायचं, लोक आपापल्या घरी बसून बघतील. आत्या, तू फक्त आरी घेऊन मागं बस. काम करतेयस असं दिसलं पाहिजे."

"दिसलं पाहिजे?" आत्या म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं काय मी झोपा काढत होते?"

"तसं नाही गं."

"तो व्हिडिओ काढून टाक."

"कुठला?"

"तुझ्या सैनिकाचा. आणि ती पेटीही उचल तिथून. साचा जागेवर ठेव."

पोपट हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "आत्या, अगं काय बोलतेस? त्याच व्हिडिओमुळे डॉक्टरीणबाई येतायत."

"मग त्यांना सांग, चुकून झालं."

"चुकून? सात लाख लोकांनी चुकून पाहिला?" पोपटचा आवाज चढला. "दोन वर्षांपूर्वी आपण काय करणार होतो, आठवतंय? पुढचं दुकान भाड्यानं देणार होतो. शिलाईवाले काका घरी बसले होते. आठवड्याला दोन माणसं यायची, तीही जुनी. का? तर ज्याला आपली गरज आहे तो घरात लपून बसलेला, आणि आपणही मागच्या दाराआड लपून बसलेलो. त्यानं आपल्याला शोधायचं कसं? स्वप्न पडणार होतं का त्याला? मी व्हिडिओ टाकले तेव्हा लोकांना कळलं की असं दुकान आहे. आज तीन महिन्यांचं काम हातात आहे. काका परत आले, सोबत आणखी दोघं आले. हे सगळं कशानं झालं? या एवढ्याशा फोननं!"

सगळ्यात राग याचा येत होता की पोरगा खोटं बोलत नव्हता. दोन वर्षांपूर्वी आत्यानं स्वतः रिकाम्या स्टुलाकडे बघत सबंध दुपारी काढल्या होत्या. पहिल्या व्हिडिओत आरी चालवणारे हात तिचेच होते आणि तेव्हा तिनं काही हरकत घेतली नव्हती. उलट मनातून बरं वाटलं होतं.

"व्हिडिओ कर की," ती म्हणाली. "चामडं दाखव, शिलाई दाखव, माझे हात दाखव. गिऱ्हाइकाचा पाय दाखवायचा नाही. हा नेम तुला लहानपणापासून माहीत आहे."

"पण नाव कुठं सांगितलं मी? आणि माणूस तर वारलेला आहे."

"कोण म्हणालं वारला?"

पोपट गडबडला. "म्हणजे... नंबर एक ना? इतकी वर्षं झाली. असेल कसा जिवंत?"

"आणि सैनिक होता हे कुणी सांगितलं?"

पोपटनं बापाकडे पाहिलं. भाऊ कपात बघत होता. कपात चहा संपलेला होता, तरी बघत होता.

"कुणी सांगितलं नाही," पोपट शेवटी म्हणाला. "पण आत्या, गोष्ट लागते. नुसतं लाकूड दाखवून कोण थांबतं? बोटानं सरकवतात नि पुढं जातात. तीन सेकंदांत माणूस धरावा लागतो. नंबर एक म्हटल्यावर मला वाटलं, आजोबांचं पहिलं गिऱ्हाईक कोण असेल? सैनिक असू शकतो की. का नाही?"

"अरे गाढवा, एवढासा पाय सैनिकाचा असतो? तुझ्या बायकोची चप्पल त्याला मोठी होईल!"

"एकानं विचारलं होतं तसं," सूनबाई खालून हळूच म्हणाली. "यांनी उत्तर दिलं, त्या काळी माणसं लहान चणीची असायची."

वहिनीला हसू आलं आणि तिनं ते पदरात लपवलं. आत्याला मुळीच हसू आलं नाही. बसल्या जागी तिच्या पायाला मिशा फुटल्या होत्या, तिला बंदूक मिळाली होती, वर मरणही आलं होतं, आणि ही सगळी मंडळी तिच्याच समोर बसून तिच्या आठवणीत हळहळत होती.

"गिऱ्हाइकाची हरकत आहे," ती म्हणाली. "काल माझ्या कानावर आली. बस, आणखी काय पाहिजे?"

"म्हणजे कुणी तरी आहे?" सूनबाईनं मान वर केली. "मग बरंच झालं की, आत्याबाई. त्यांना बोलावू या. माफी मागू, परवानगी घेऊ. वहीत नाव असेल ना?"

"वही कुणाला दाखवायची नसते."

"आम्हाला नका दाखवू. तुम्ही बघा आणि फोन करा."

"मी कुणाला फोनबिन करणार नाही."

"हे बघ ताई," भाऊ पहिल्यांदाच बोलला, आणि बोलला तो खिडकीकडे तोंड करून. "उद्याचा दिवस होऊन जाऊ दे. काम एकदा पक्कं झालं की पोरगा महिन्याभरात हळूच काढून टाकेल तो व्हिडिओ. लोक विसरतात. तू उगाच ताणू नकोस."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. याला माहीत होतं. याला चांगलं माहीत होतं, आणि हा तिलाच समजावत होता. तिच्या मनात कालपासून एक आशा होती की भाऊनं व्हिडिओ नीट पाहिलाच नसेल. चष्मा घरी राहिला असेल, आकडा दिसला नसेल. बहिणीचं मन असलं काहीबाही शोधत बसतं. ती आशा आता संपली.

"यांचं बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "ताई, माझ्या मनात काही वाईट नाही. पण दोन वर्षांनी या घरात जरा निवांतपणा आलाय. कोण कुठला तो माणूस, त्याच्यापायी..."

"आत्याबाई, व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय त्यातलं मी एक वाचून दाखवू?" सूनबाई मध्येच म्हणाली. चार्जिंगची वायर ओढून तिनं फोन हातात घेतला. "हे सलाम-बिलाम सोडून देते. ही एक आई आहे. लिहिते, 'माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिचा डावा पाय अगदी असाच आहे. शाळेत ती मोजे काढत नाही, खेळायला जात नाही. तिला हा साचा दाखवला. ती म्हणाली, म्हणजे सैनिकाचापण पाय असा असतो? काल ती पहिल्यांदा मोजे काढून वाळूत खेळली. तुमचे खूप आभार.'"

पोपटनं विजयी चेहरा करायचा प्रयत्न केला, पण तो जमेना.

"दाखव इकडे," वहिनी म्हणाली. "मी नीट पाहिलाच नाही तो. बासरी सुरू झाली की मला झोप येते."

सूनबाईनं फोन दिला. वहिनीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. पोपटच्या तळहातांवर साचा फिरत होता. टाच, मग आतली बाजू, मग तळवा. वहिनीनं फोन जरा लांब धरला, मग जवळ आणला.

"थांबव रे हे. कसं थांबवायचं?"

सूनबाईनं बोट टेकवलं. पडद्यावर तळवा स्थिर झाला.

"हा पाय मी पाहिलाय," वहिनी म्हणाली.

"आई, काहीतरी काय? फळीवर पाहिला असशील."

"फळीवर नव्हे. चौतीस वर्षं झाली मला या घरात येऊन. न्हाणीघराबाहेरची फरशी मी पुसते. ओली पावलं उमटलेली असतात." तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. "एक पूर्ण. एक अर्धं. पुढं तीन बोटांचा मिळून एकच ठसा. पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, पाणी पसरलं असेल. नंतर कळलं. मी कधी बोलले नाही, ताई. तुम्ही बोलत नव्हता, मग मी कशाला बोलू?"

सूनबाईचा हात तोंडावर गेला. पोपट आत्याच्या बुटांकडे बघत होता. तपकिरी, गुळगुळीत, दोन्ही अगदी सारखे दिसणारे बूट.

"नंबर एक मी आहे," आत्या म्हणाली. "झालं समाधान? मी. लढाईला गेले नव्हते. मेलेही नाही."

"मला माहीत नव्हतं," पोपट म्हणाला. "आत्या, आईशपथ मला माहीत नव्हतं!"

"तुला नव्हतं. ते मला कळतं. तू मूर्ख आहेस, पण लबाड नाहीस." तिनं मान वळवली. "याला माहीत होतं."

वहिनी नवऱ्याकडे वळली. मघाशी यांचं बरोबर आहे म्हणणारी हीच बाई, पण आता तिचे डोळे बघवत नव्हते. "तुम्हाला माहीत होतं?"

भाऊनं रिकामा कप खाली ठेवला. म्हणाला, "पोरानं शिडी लावून साचा खाली काढला तेव्हा मी इथंच होतो. विचारलं त्यानं, बाबा, हा नेऊ का? मी म्हणालो, ने."

"बहिणीला विचारावंसं नाही वाटलं?" वहिनीनं विचारलं.

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती!"

"म्हणून विचारायचंच नाही!" आत्या उभी राहिली. "वा रे वा! नाही म्हणेल म्हणून विचारू नये, हा नवा नेम कधीपासून निघाला? मी रोज या स्टुलावर बसते आणि परक्या माणसाला विचारते. चार-चार वेळा विचारते. एकदा एक म्हातारा सबंध दुपार हो म्हणाला नाही, मी सबंध दुपार त्याच्यासमोर बसून राहिले! आणि माझा पाय तुम्ही बापलेकांनी परस्पर उचलून चौकात मांडलात, मखमलीवर!"

"मांडला तर काय बिघडलं?" भाऊही आता चिडला. कोंडलेलं बरंच काही त्याच्याही आत होतं. "लपवला नानांनी, मी नाही. मी सहा वर्षांचा होतो. बाहेर कुणी विचारलं, तुझी बहीण का नाही आली, तर सांगायचं ताप आलाय. सारखा ताप! माझं अर्धं लहानपण तुझा ताप सांगण्यात गेलं. कंटाळलो होतो मी. साचा खाली आला तेव्हा वाटलं, जाऊ दे एकदाचा उजेडात."

"मग माझ्या नावानं न्यायचा होतास उजेडात! सैनिकाच्या नावानं का?"

भाऊनं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"मी सांगते का," आत्या म्हणाली. "कारण तुमच्यात मी कुठं नाहीच. बाहेरच्या पाटीवर काय आहे? 'आणि पुत्र.' नाना आणि पुत्र! पुत्रानं आयुष्यात एक माप घेतलं नाही. पुढं बसला, या म्हणाला, बसा म्हणाला. बूट कुणाचे? माझे. आणि दुकान सुरूच झालं ते कुणाच्या पायावरून? तेही माझ्याच. आज शेवटी तो पाय लोकांपुढं आला, सात लाख लोकांनी पाहिला, तर तिथंही तुम्हाला पुरुषच आठवला. तोही मेलेला!"

बोलता बोलता तिला स्वतःलाच काहीतरी उमगलं आणि ती थांबली. सात लाख माणसांनी तिचा पाय पाहिला होता. जो पाय तिनं सख्ख्या भावजयीपासून लपवला, तो बघून कुणी पळून गेलं नव्हतं. एक-दोघांनी काही अभद्र लिहिलंही असेल, पण बाकीचे रडले होते. त्यांनी सलाम केला होता. कालपासून ती शरमेनं जळतेय असं तिला वाटत होतं, पण ती शरम नव्हतीच. तिच्या वाट्याचा सलाम दुसऱ्याच कुणी घेतला होता, ही आग त्याची होती.

"मी काढून टाकतो व्हिडिओ," पोपट म्हणाला. त्यानं सूनबाईकडून फोन घेतला. "आत्ता काढतो."

"आणि डॉक्टरीणबाई?" भाऊनं विचारलं. "काम जाईल हातचं."

"जाऊ दे."

"आणि ती मुलगी?" सूनबाई म्हणाली. "तिला काय सांगायचं? सैनिक नव्हताच?"

पोपटचं बोट फोनवर अधांतरी राहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. एरवी व्हिडिओत ते भरून यायचे त्यापेक्षा हे वेगळे होते, नाकही लाल झालं होतं.

"काढू नकोस," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"आत्ताच तर तुम्ही..." वहिनी म्हणाली.

"मघाशी म्हणाले. आता नाही म्हणत. त्या पोरीला मेलेला सैनिक कशाला पाहिजे? मोठी झाली की तिला कळेल, गोष्ट खोटी होती. मग मोजे परत चढतील, आणि या खेपेला कायमचे. माझं वय बासष्ट आहे. मी याच पायावर रोज जिने चढते, दिवसभर काम करते, भाजीची पिशवी स्वतः उचलते. तिला हे माणूस दाखवा. आणखी एक व्हिडिओ कर. खोटं बोललो म्हणून सांग. सरळ सांग, वळणं घेऊ नकोस. मग मला दाखव."

"लोक आपल्याला सोलून काढतील," भाऊ म्हणाला.

"काढू देत. खोटं कुणी सांगितलं? मग त्याची बोलणीही खायची. आणि उद्याच्या आधी त्या डॉक्टरीणबाईंना हा व्हिडिओ पाठवायचा. त्या आल्या तर येतील, नाहीतर नाही येणार. पण त्यांना अंधारात ठेवून मिळवलेलं काम नको मला."

"मीही म्हणते तेच," वहिनी म्हणाली, आणि खुर्ची उचलून नवऱ्याच्या शेजारून आत्याच्या शेजारी आणून ठेवली. काम जाईल की राहील, तिला कुठं माहीत होतं? मघाशी तिलाच त्याची सगळ्यात जास्त काळजी होती.

सूनबाईनं पुढच्या दुकानाचा दिवा लावला. काचेची पेटी उघडली, मखमल बाजूला टाकली आणि साचा आणून आत्याच्या मांडीवर ठेवला. पोपटनं फोन दोन डब्यांच्या मध्ये उभा केला. मग तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा अडखळला, तिसऱ्यांदा बासरीशिवाय सगळं सांगून टाकलं. सैनिक नव्हता. मी बनवला. ज्यांचा पाय आहे त्यांना विचारलं नाही. त्या माझ्या आत्या आहेत आणि त्या इथं बसल्यात.

आत्या खुर्चीत बसली. डाव्या बुटाची नाडी तिनं स्वतः सोडली. बूट काढला, मोजा काढला. घरातल्या एकाही माणसासमोर तिनं हे कधी केलं नव्हतं. पाय उघडा पडला तसा तिला गारवा जाणवला, बाकी काही झालं नाही. वहिनी बघत होती, सूनबाई बघत होती. भाऊनं मान खाली घातली होती.

पोपट बुटकं स्टूल ओढून समोर बसला. साचा आणि पाय शेजारी शेजारी दाखवायचे, म्हणजे पाय उचलून धरावा लागणार होता. त्याचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. लहानपणापासून तो याच खोलीत वाढला होता, हे वाक्य त्यानं रोज ऐकलं होतं, पण स्वतः कधी उच्चारलं नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, "हात लावू का?"

आत्या गप्प राहिली. फोन चालू होता. तिनं त्याला थांबायला लावलं. चांगलं थांबायला लावलं. पोपट काही न बोलता बसून राहिला, आणि त्याच्या जन्मापासूनचा त्याचा हा सगळ्यात लांब मुकेपणा असेल.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.

तो उठून मोरीकडे गेला. कोमट पाण्याचा नळ वाजायला लागला. आत्यानं भाऊकडे पाहिलं. तो अजून तसाच बसला होता, मांडीवर हात ठेवून.

"तू पण," ती म्हणाली.

भाऊ उठला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, मुलाच्या मागं उभा राहून नळ मोकळा व्हायची वाट बघत राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं हात दोनदा धुतले.